कोरडा चिखल

मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम दोन जातींचे असतात. एक डांबरी सडकेवरचे, दुसरे मातीतले. डांबरी खेळात तोच तो गोल मार्ग, तीच ती वळणे, आणि प्रत्येक वळणाला गाडी नेमकी कुठून काढायची याची एक ठरलेली रेघ. ती रेघ जो न चुकता गिरवील तो पहिला. लहानपणी पुस्ती गिरवण्याचा ज्यांना कंटाळा होता त्यांचे मन या खेळात फार काळ रमत नाही. मातीतल्या खेळाचे तसे नाही. तिथे रेघ मनात धरावी तर चाकाखालची खडी सरकते, गाडीचे तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे होते, आणि टेकाडापलीकडचे वळण डावे की उजवे हे टेकाड ओलांडल्याखेरीज दिसत नाही. गाडी हातातून सुटते आणि सुटता सुटता पुन्हा हातात येते. या दोहोंमधल्या अर्ध्या क्षणासाठी जगभरची मुले (आणि त्यांचे बाप) हे खेळ खेळतात.

इंग्रजीत यांना 'ऑफ-रोड' म्हणतात. मराठीत 'चाकोरीबाहेर' हा शब्द त्याला चपखल बसला असता, पण त्या शब्दाचे आपण भलतेच काही करून ठेवले आहे. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेले दोन चर. आता चाकोरीबाहेर म्हटले की नोकरी सोडून नाटकात गेलेला एखादा तरुण डोळ्यांपुढे येतो. असो.

साठी ओलांडलेल्या माणसाने या विषयात नाक खुपसावे याला दोन कारणे आहेत. बँकेच्या नोकरीतली माझी सुरुवातीची वर्षे मराठवाड्यातल्या ग्रामीण शाखांत गेली. पीककर्जाची पाहणी आणि वसुली यासाठी मोटारसायकलवरून जे काही हिंडलो त्यातला फारच थोडा भाग डांबरावरून होता. दुसरे कारण म्हणजे लेकीचा मुलगा. निवृत्तीनंतर त्याने मला या खेळांची दीक्षा दिली. "आबा, ब्रेक दाबू नका, हँडब्रेक ओढा," हे त्याचे पहिले वाक्य मला अजून आठवते. बँकेत कोणी असा सल्ला दिला असता तर त्याची बदली झाली असती.

या खेळांचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'एक्साइटबाइक' १९८४ सालचा. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचा जनक. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायची जी कॅसेटची यंत्रे घरोघर आली, त्यांच्यातून तो इथल्या मुलांच्या हाती पडला. बाजूने दिसणारी एक मोटारसायकल, मातीचे उंचवटे आणि दोन बटणे. एक साध्या वेगाचे, दुसरे जास्तीच्या. जास्तीचे बटण दाबून धरले की इंजिन तापत जाई, तापमानाची पट्टी भरली की स्वार गाडी कडेला घेऊन गप्प उभा राही आणि बाकीचे पुढे निघून जात. वाटेत चिखलाचे पट्टे होते, त्यांत गाडी मंदावे. उडीनंतर दोन्ही चाके नीट टेकली नाहीत तर स्वार फेकला जाई आणि बिचाऱ्याला उठून आपल्या गाडीपर्यंत पळत जावे लागे. चित्र अगदीच ओबडधोबड, पण गाडी तापते, चिखल अडवतो आणि पडल्यावर उठून गाडीपर्यंत जाण्यात वेळ मोडतो, या तिन्ही गोष्टी त्या खेळाला ठाऊक होत्या. पुढे यंत्रे हजारपटींनी ताकदवान झाली आणि यातली एकेक गोष्ट खेळांतून गळत गेली, हे मला या सगळ्या प्रकरणातले मोठे कोडे वाटते.

१९८९ साली अमेरिकेत 'सुपर ऑफ रोड' आला. एकाच पेटीला शेजारी शेजारी तीन स्टिअरिंग, त्यामुळे तिघांनी खांद्याला खांदा लावून खेळायचे. त्यावर आयव्हन स्ट्युअर्ट यांचे नाव होते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून होणारी बाहा १००० ही वाळवंटी शर्यत ते एकट्याने गाडी हाकून पार करत, म्हणून लोक त्यांना 'आयर्नमॅन' म्हणत. या खेळात जिंकलेल्या पैशांतून टायर घ्यायचे की स्प्रिंगा की इंजिन, याचा हिशेब खेळाडूला करावा लागे. भांडवली खर्च कशावर करावा हे पोरांना शिकवणारा तो पहिला खेळ असावा, आणि एक जुना कर्ज अधिकारी म्हणून मला त्याचे कौतुक आहे.

मग 'सेगा रॅली' आली, साल १९९४-९५. डांबरावर गाडी एक वागते, खडीवर दुसरी आणि चिखलात तिसरी, हा फरक पडद्यावर हातांना जाणवावा इतका स्पष्ट तिने आणला. आणि १९९८ मध्ये ब्रिटनच्या कोडमास्टर्सने 'कॉलिन मॅकरे रॅली' काढली. मॅकरे हा स्कॉटलंडचा, १९९५ चा जगज्जेता, धाडसी म्हणण्यापेक्षा आडदांड म्हणावा असा चालक. २००७ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात तो गेला. खेळाला नाव त्याचे, पण त्या खेळाचा आत्मा शेजारच्या आसनावर होता. निकी ग्रिस्ट हा मॅकरेचा सहचालक. त्याचाच आवाज त्यात आहे. "सिक्स राइट, ओव्हर क्रेस्ट, डोन्ट कट" अशा त्रोटक भाषेत तो पुढचा रस्ता सांगत राहतो. आकडा वळणाचा. एक म्हणजे फार आवळ, सहा म्हणजे जवळजवळ सरळच. 'डोन्ट कट' म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला जाऊ नकोस, तिथे दगड आहे.

या भाषेने मला वेड लावले. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ती आहे. तीत विशेषण नाही, क्रियापद क्वचित, आणि एक शब्द उशिरा आला तर गाडी झाडावर. ही टाचणे कशी तयार होतात तेही पाहण्यासारखे आहे. खऱ्या रॅलीत शर्यतीआधी चालक आणि सहचालक तोच रस्ता साध्या गाडीतून, सावकाश, ठरावीक वेळा (बहुधा दोनदाच) पाहून येतात. चालक वळणे मोठ्याने सांगतो, सहचालक वहीत उतरवतो. पहिल्या फेरीत लिहायचे, दुसऱ्या फेरीत तपासायचे. शर्यतीच्या दिवशी धुक्यात, धुळीत, रात्री जो भरवसा असतो तो या वहीवर. वही चुकली तर दोघांचे चुकले. रात्री पाऊस पडून ओढा वाढला तर वहीतला 'सहा' सकाळी 'तीन' होतो, आणि हे ओळखणे ही खरी विद्या.

खेळात ही वही आयती मिळते. ती कधी चुकत नाही, कधी जुनी होत नाही. म्हणजे रॅलीतला निम्मा खेळ, पाहण्याचा आणि लिहिण्याचा, कोणीतरी आधीच करून ठेवलेला आहे आणि आपल्या वाट्याला फक्त आज्ञापालन येते. याला अपवाद म्हणून रिचर्ड बर्न्सच्या नावाचा २००४ मधला खेळ सांगता येईल. बर्न्स २००१ चा जगज्जेता, पुढे मेंदूतल्या गाठीने २००५ च्या नोव्हेंबरात गेला. त्याच्या नावाचा हा खेळ इतका कठोर होता की नवख्याला पहिले वळणही पार होईना. पण चाहत्यांनी तो दोन दशके जिवंत ठेवला आहे, नवे रस्ते, नव्या गाड्या त्यात घातल्या आहेत, काही जण त्यातली टाचणेही आपली आपण दुरुस्त करून घेतात. फुकटात, हौसेने. अशी हौस डांबरी खेळांच्या वाट्याला येत नाही असे नाही, पण मातीवाल्यांची जात जरा चिवट आहे.

या खेळांची थोरवी सांगायची तर ते गाडीचे वजन समजावून देतात. उजवीकडे वळायचे असेल तर आधी क्षणभर डावीकडे वळवायचे, म्हणजे गाडीचा भार एका बाजूला झुकतो, आणि तो परत उसळताना गाडीची शेपटी आपोआप फिरते. उत्तर युरोपातल्या चालकांची ही युक्ती कितीही वाचली तरी उमगत नाही, पण खेळात पन्नास वेळा खड्ड्यात गेल्यावर हाताला कळते. नातवाच्या हाताला कळलेली आहे. माझ्या हाताला कळली तेव्हा मी चष्मा काढून पुसला, इतका आनंद झाला होता. घरात बसून, कोणाला न दुखवता, पेट्रोलचा थेंब न जाळता मिळणारा हा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही.

आता उणिवा. सर्वांत ढळढळीत ती म्हणजे वेळ मागे फिरवण्याचे बटण. मॅकरेच्याच मालिकेतल्या २००९ च्या 'डर्ट २' मध्ये त्याला 'फ्लॅशबॅक' असे नाव होते. दरीत गेलात? बटण दाबा, गाडी दरीतून उलटी वर येते, वळणाआधी उभी राहते, आणि तुम्ही पुन्हा वळता. हिंदी सिनेमात फ्लॅशबॅक आला की निदान गाणे तरी होत असे. इथे काहीच होत नाही, झालेले पुसले जाते. मुळात मॅकरेच्या पहिल्या खेळात मोडलेली गाडी दुरुस्त करायला ठरावीकच वेळ मिळे. तो गिअरबॉक्सला द्यायचा की सस्पेन्शनला, हे ठरवताना घाम फुटत असे. बटणाने तो घाम घालवला. ज्याला हवे त्याने बटण वापरू नये, असा यावर युक्तिवाद होतो. खिशात परत येण्याचे तिकीट असलेला माणूस आणि नसलेला माणूस एकाच वाटेने निघाले तरी त्यांचे चालणे वेगळे असते, एवढेच मी त्यावर म्हणेन.

दुसरी उणीव माझ्या जुन्या धंद्यातून दिसते. या खेळांतली जमीन कोणाचीच नाही. तिला सातबारा नाही. मोकळ्या माळावरून, पिकातून, कुंपणे उडवत गाडी जाते आणि कोणी हाक मारत नाही. ज्याने पीककर्जाच्या पाहणीत बांध मोजले आहेत त्याला हे फार चमत्कारिक वाटते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जायला वाट मिळावी म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या दाव्यात कधी कधी एक पिढी जाते. दोन हात रुंदीच्या गाडीवाटेपायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. रस्त्याबाहेरची जमीन म्हणजे मोकळी जमीन, हे समीकरण ज्या देशांत माणसे थोडी आणि माळ फार, तिथल्या मनाला सुचते. आपल्याला ते सुचायला नको होते. पण मुलांना आता तेच ओळखीचे वाटते.

जमीन कोणाची नाही, तसे तिच्यावर कोणी नाहीही. रॅली मालिकेतल्या २००० सालच्या दुसऱ्या खेळात केनिया होता. खरी सफारी रॅली तिथली. ती वर्षानुवर्षे वाहतुकीला खुल्या असलेल्या रस्त्यांवर होत असे. समोरून प्रवासी गाडी, मालमोटार, गुरे, काहीही येईल. मोठ्या संघांची हेलिकॉप्टरे वरून उडत चालकाला पुढचा धोका सांगत. ही रॅली पाच वेळा जिंकणारा शेखर मेहता आणि तीन वेळा जिंकणारा जोगिंदरसिंग हे दोघे पूर्व आफ्रिकेतले भारतीय वंशाचे. आपल्या वृत्तपत्रांनी त्यांची जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, हे जाता जाता नोंदवतो. स्वतः मॅकरेही ती तीनदा जिंकला. त्याच्या नावाच्या खेळातला केनिया मात्र रिकामा. रस्ता आहे, धूळ आहे, समोरून येणारे कोणी नाही.

मुलांच्या खेळात अपघाती माणसे दाखवावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण या क्रीडाप्रकाराचा इतिहास माणसांनी भरलेला आहे. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी प्रेक्षकांत घुसून तिघे गेले. मे महिन्यात कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो जळून मेले, आणि 'ग्रुप बी' नावाच्या त्या अतिवेगवान गाड्यांवर वर्षअखेर बंदी आली. खेळांत या गाड्या आजही सर्वांत लाडक्या आहेत. त्या का गेल्या हे सांगणारी एक ओळ त्यांच्या चित्राखाली असायला काय हरकत होती? डकार रॅलीचेही तेच. तिएरी साबिन हा फ्रेंच गृहस्थ १९७७ मध्ये एका रॅलीत वाळवंटात हरवला, वाचला, आणि त्याने २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून डकारकडे पहिली शर्यत सोडली. २००६ मध्ये तिच्या वाटेवर गिनी आणि सेनेगलमधली दोन मुले गाड्यांखाली गेली. वस्तीतून जाताना वेगमर्यादा, मोडली की दंड, असे तिथले आजचे नियम आहेत. गावातून हळू जाणे हाही शर्यतीचा भाग असतो, ही गोष्ट फार थोड्या खेळांना रंजक वाटली आहे.

भारतीयांचा या रॅलीशी संबंध अगदी अलीकडचा आहे. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये मोटारसायकलवर डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्यात तो ३६ वा आला. २०२१ मध्ये सौदी अरेबियात चौथ्या टप्प्यात तो पडला, डोक्याला मार लागला आणि त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. तो त्यातून बरा झाला. नातवाला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग त्याची रेस?" मी म्हटले, "संपली ना!" तो थोडा वेळ काही बोलला नाही.

तिसरी गोष्ट चिखलाची. काळ्या जमिनीतून पावसाळ्यात मोटारसायकल चालवणाऱ्याला ठाऊक असते की तिथे गाडी घसरते ते नंतर, आधी ती थांबते. माती चाकाला चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च भरते, आणि इंजिन ओरडत असताना चाक फिरायचे बंद होते. मग उतरायचे, काटकी शोधायची, माती उकरायची, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायची. बँकेची जीप रुतली तर बैल आणावे लागत. बैल आणायला माणूस गाठायचा, आणि तो नेमका थकबाकीदार निघायचा. त्याने जू लावून जीप बाहेर काढल्यावर वसुलीचे कसे बोलायचे, यावर कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयात व्याख्यान झाल्याचे मला स्मरत नाही. चहा घेऊन परत येत असू. रस्त्याबाहेरच्या प्रवासाचा गाभा माझ्या लेखी हा आहे: अडकणे, आणि दुसऱ्याच्या हाताने सुटणे. शर्यतीच्या खेळांनी नेमका हाच गाळला. गाडी अडकली की तीन सेकंदांत ती आपोआप उचलून रस्त्यावर ठेवली जाते. कोण उचलते? कोणी नाही.

मोबाइलवरच्या खेळांनी तर याचे दुकानच मांडले. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा 'हिल क्लाइंब रेसिंग' २०१२ मध्ये आला आणि आपल्याकडे रिक्षाचालकापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या हातात मी तो पाहिला आहे. बाजूने दिसणारी जीप, टेकड्या, दोन पेडल. म्हणजे फिरून एक्साइटबाइकच. खेळ गोड आहे, त्यात पेट्रोल संपते हेही छान. पण नाण्यांसाठी पुन्हा पुन्हा त्याच टेकड्या, आणि धीर नसेल तर खरे पैसे मोजून खोटी नाणी. या नाण्यांना पासबुक नाही, त्यावर व्याज नाही आणि ती परत वटवता येत नाहीत. ठेवीदाराला असे काही मी विकले असते तर चौकशी लागली असती.

हे सगळे तंत्राला जमत नाही म्हणून होते का? मुळीच नाही. २००७ च्या आसपास आलेल्या 'मोटरस्टॉर्म'मध्ये गाड्यांच्या चाकांनी चिखलात चर पडत आणि ते शर्यतभर राहत. म्हणजे चाकोरी अवतरली होती! २०१४ चा 'स्पिनटायर्स', आणि त्याच कुळातले २०१७ चा 'मडरनर' व २०२० चा 'स्नोरनर' यांत तर चिखल हाच नायक. जुनाट मालमोटार, लाकडाचे ओंडके, फूटभर गाळ. तारेचा दोर झाडाला बांधून गाडी वीतवीत ओढायची. रुतलीच तर दुसरा ट्रक घेऊन सोडवायला जायचे. लाखो लोकांनी ते आवडीने खेळले. संथपणा विकला जात नाही हा समज त्यांनी खोटा पाडला. पण त्यांत शर्यत नाही. चिखल आला आणि शर्यत गेली.

दोन्ही एकत्र आणायचा प्रयत्न 'डकार १८' या खेळाने केला. पोर्तुगालच्या एका कंपनीने तो २०१८ मध्ये काढला. त्यात पुढची वाट दाखवणारा बाण नाही, खऱ्या डकारसारखी टाचणवही वाचत दिशा काढायची. वाळूत रुतलात तर गाडीतून उतरून फावड्याने वाळू उपसायची. दुसरा कोणी अडकला असेल तर दोर लावून त्याला ओढता येते. खेळ कच्चा होता, दोष पुष्कळ होते. पण बऱ्याच जणांची तक्रार दोषांबद्दल नव्हती, आपण हरवतो आणि वेळ वाया जातो अशी होती. त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या 'डकार डेझर्ट रॅली'त तीन पायऱ्या ठेवल्या. सोप्या पायरीवर वेग, अवघडावर वही. सोपी पायरी आधी येते हे ओघानेच आले.

माझ्या मते इथे दोष खेळ करणाऱ्यांइतकाच आपला, म्हणजे घेणाऱ्यांचा आहे. वाळू उपसायला लागणाऱ्या चार मिनिटांचे पैसे आपण मोजायला तयार नाही. आणि ती चार मिनिटे वगळली तर वाळूवरून गाडी नेणे आणि डांबरावरून नेणे यांत फरक उरतो तो रंगाचा आणि थोड्या घसरण्याचा.

नातवाला मी एकदा म्हटले, तुमच्या शर्यतीत एक बैलजोडी हवी. तो हसला, मग गंभीरपणे म्हणाला, "आबा, बैल यायला किती वेळ?" मी म्हटले, अर्धा तास, माणूस घरी असला तर. त्याने मान हलवली. शर्यतीच्या हिशेबात ते बसत नव्हते.

हल्ली मात्र तो स्नोरनर खेळतो. त्याचा एक ट्रक मागच्या रविवारपासून नदीकाठच्या चिखलात खिडकीपर्यंत बुडून पडला आहे. सोडवायला दुसरा ट्रक न्यावा, तर त्यात डिझेल पुरत नाही. डिझेल न्यायला तिसरा हवा, तो अजून मिळालेला नाही. सहामाही परीक्षा संपेपर्यंत तो ट्रक तिथेच राहणार आहे, आणि अधूनमधून तो जाऊन नुसता बघून येतो.